चोवीस घरांची केबल

३ सप्टेंबर

मामांनी आज फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही तुझी. मी फक्त सही करीन." सहा वर्षं त्यांच्या हाताखाली घासल्यावर पहिल्यांदा अख्खं काम माझं. एका गल्लीत समोरासमोर चोवीस लहान घरं, बारा इकडे, बारा तिकडे. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेन पॅनेलपर्यंत जमिनीखालून एक मोठी केबल न्यायची, आणि पॅनेलमधून घराघरात लहान केबली. मोठी केबल किती जाडीची घ्यायची, सगळा प्रश्न तेवढाच.

आईला सांगितलं तर म्हणाली, "जाड घेतली की झालं." आईची गणितं सोपी असतात.

६ सप्टेंबर

तीन दिवस आकडेमोड. एका घरात गिझर, खोलीचा हीटर, स्वयंपाकाची शेगडी, दिवे, धुण्याचं यंत्र, सगळं धरून आठ किलोवॅट. चोवीस घरांचे एकशे ब्याण्णव. पण सगळी घरं सगळं एकाच वेळी चालू करत नाहीत. मामांनी मला हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं: घरात चार नळ आहेत म्हणून कोणी चारही एकदम सोडत नाही. त्यासाठी कोष्टक असतं. इतक्या घरांना कोष्टक म्हणतं, शंभरातले चाळीस धरा. म्हणजे सत्त्याहत्तर किलोवॅट, सुमारे एकशे वीस अँपिअर.

तरी मी आधी एकशेवीस स्क्वेअर एमएमची केबल लिहिली होती. मामांनी कागद पाहिला, चष्मा वर सरकवला आणि हसले. "ही भित्र्याची केबल आहे, ठिणगे." (लहानपणी मी सुईनं घराचा फ्यूज उडवला, तेव्हापासून मी ठिणगी.) त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. मी पुन्हा बसले, कोष्टक पुन्हा लावलं, सत्तरची पुरते. एकशेसाठ अँपिअर आरामात सोसेल. सत्तर लिहिली. मामांनी सही केली.

बिल्डरला फोनवर विचारलं की तिथं राहायला कोण येणार आहे. तो म्हणाला, "माणसं." मीही हसले.

२२ सप्टेंबर

केबल टाकून झाली. ड्रमवरची केबल पॅनेलच्या आठ पावलं अलीकडे संपली, म्हणून तिथं एक जॉइंट करावा लागला. वायरमनकाकांनी केला, म्हणजे चांगलाच झाला असणार. त्याभोवती विटांचा खड्डा आणि वर लोखंडी झाकण.

पॅनेलमधल्या ब्रेकरचा स्क्रू मी स्वतः एकशेसाठवर आणला. केबलमधून त्याहून जास्त भार जायला लागला की ब्रेकर पडणार आणि केबल वाचणार. स्क्रू हलला तर कळावं म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आई म्हणते, वर्षाला एक बाटली संपते आणि माझ्या नखाला कधी लागत नाही.

१४ ऑक्टोबर

घरं भरली. सगळी माणसं एकाच कारखान्यातली, टेकडीपलीकडच्या काचेच्या लोकरीच्या. कारखान्यानंच घरं मिळवून दिली म्हणे. आधीपासून एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गल्लीला पहिल्याच दिवशी घरोबा आहे. नऊ नंबरमध्ये नवराबायको दोघंही तिथंच कामाला, सासूबाई घरी तान्ह्या बाळापाशी. त्यांनी चहा दिला. किती छान, सगळे एकाच वेळी निघतात, एकाच वेळी परततात, कोणाची दारं कोणाला उघडावी लागत नाहीत.

आज मला फार बरं वाटलं. आपण आखलेल्या रेषेवर दिवा लागतो म्हणजे काय ते आज कळलं.

४ नोव्हेंबर

थंडी एकदम आली. काल आणि आज, दोन्ही दिवस गल्लीचा ब्रेकर पडला. दोन्ही वेळा पावणेपाचला. काकांनी जाऊन उचलला, राहिला.

७ नोव्हेंबर

पुन्हा. आता पाचव्यांदा. मला ब्रेकरच सदोष वाटतोय. दुकानदाराला मी चार शब्द सुनावले. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, भार मोजलात का?" मला राग आला. माझं गणित दोनदा तपासलंय.

बिल्डर मामांना रोज फोन करतोय. मामा मला ते सांगत नाहीत, पण फोन आला की ते उठून जिन्यात जातात.

११ नोव्हेंबर

चार दिवस ब्रेकर पडला नाही. मी विचारलं तर मामा म्हणाले, "मी जाऊन आलो. आता नाही पडणार." काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जुने हात." काय जादू केली कोण जाणे. पॅनेलची किल्ली त्यांनी परत खुंटीला लावली होती आणि नखात थोडं लाल अडकलं होतं. मला वाटलं कापलं. ते म्हणाले, काही नाही.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझं पहिलं काम माझ्या डोक्यावर पडत नाही, एवढंच मला हवं होतं.

१७ नोव्हेंबर

अर्थिंगचे कागद द्यायला गल्लीत गेले होते. पाच वाजत होते. जॉइंटच्या झाकणावर एक करडं मांजर अंग पसरून झोपलं होतं. पोरं म्हणाली, रोज याच वेळी येतं, ही त्याची गादी आहे. मी खाली वाकून त्याला कुरवाळलं. झाकण छान उबदार. ऊन तीनलाच भिंतीआड जातं, पण लोखंड ऊब धरून ठेवतं.

नऊ नंबरच्या सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी दिवे जरा मंद होतात. मी म्हटलं, थंडीत सगळीकडेच होतात.

२१ नोव्हेंबर

घरी आले ती सरळ वही उघडली.

सकाळी नऊ नंबरवालीचा फोन आला. कामावर असूनही तिनं मुद्दाम मधल्या सुट्टीत केला. म्हणाली, दिवे मंद होतात ते सोडा, पण दोन दिवसांपासून गल्लीच्या तोंडाशी रबर जळल्याचा वास येतो, सासूबाईंना आधी वाटलं शेजारी टायर जाळतात. मी चारला टाँग टेस्टर घेऊन गेले आणि पॅनेलचं दार उघडलं. तारेभोवती त्याचा चिमटा धरला की आतून किती अँपिअर वाहतायत ते दिसतं.

चार वाजता केबलमधल्या तीन फेजपैकी पिवळ्या फेजवर एकोणतीस. सव्वाचारला टेकडीपलीकडून भोंगा ऐकू आला. साडेचारला माणसं आली, सगळी एकदम, कोपरापर्यंत पांढरी. कोणी कोणाशी बोलायला थांबलं नाही. दारं लागली. एकशे दहा. एकशे साठ. एकशे नव्वद. मला वाटलं टेस्टर बिघडला. आकडा दोनशे सव्वीसवर थांबला.

बाहेर ओट्यावर बसलेल्या सासूबाईंना मी विचारलं की हे सगळे करतात तरी काय. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "आंघोळ. काचेची कुसं असतात अंगावर. आंघोळ केल्याशिवाय सून बाळाला हात लावत नाही. कोणीच लावत नाही." कारखान्यात नळ आहेत, गरम पाणी नाही.

चोवीस गिझर. चोवीस खोल्या गरम करायच्या, कारण ओल्या अंगानं बाहेर येणार. आणि चोवीस घरी चहा. चारही नळ एकदम.

मग मला ते सुचलं, जे आधीच विचारायला हवं होतं: दोनशे सव्वीस वाहतायत, मग ब्रेकर पडत का नाही? आत वाकून ब्रेकर पाहिला. स्क्रू अडीचशेवर होता. नेलपॉलिशचा ठिपका मधोमध तडकलेला.

किल्ली फक्त आमच्या ऑफिसात असते.

मी स्क्रू मागे आणला नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठं कबूल करायची हिंमत नाही. मागे आणला असता तर दहा मिनिटांत अंधार, थंडी, अर्धी आंघोळ, आणि लोकांनी विचारलं असतं का म्हणून. मला तिथं उभं राहून उत्तर द्यायचं नव्हतं. मी पॅनेलचं दार लावून घरी आले.

२२ नोव्हेंबर

मामांशी बोलले. ऑफिसात दोघंच होतो. मी आकडा सांगितला. ते पेन्सिलीला टोक काढत राहिले, ती टोकदार असूनही.

म्हणाले, केबल अर्धा तास जास्तीचा भार सोसते, नंतर गार होते, तीस वर्षांत पाहिलंय. थंडी दोन महिन्यांची. बिल्डरचं ताबा देण्याचं काम पुरं होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, केबल सोसेलही, जॉइंट सोसणार नाही, वास येतोय. ते म्हणाले, "कोष्टक तुझ्या बाजूनं आहे. कोणी बोट दाखवू शकत नाही."

"मामा, कोष्टकाला भोंगा माहीत नाही."

"मग तू का नाही विचारलंस?"

ते रागानं बोलले नाहीत. म्हणूनच लागलं. मी फोनवर एका शब्दाचं उत्तर घेतलं आणि हसले होते.

शेवटी म्हणाले, सोमवारपर्यंत थांब, मी काहीतरी करतो. आज शुक्रवार.

आईला सगळं सांगितलं. तिचा भाऊ तो. बाबा गेल्यावर त्यानं आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही, माझी फी भरली, हातात पक्कड दिली. आई भाजी चिरत होती, थांबली नाही. म्हणाली, "त्याचं ऐकायचं की नाही ते मी सांगणार नाही. पण त्या बाईचं बाळ केवढंय?" मी म्हटलं, चार महिन्यांचं. मला चिडचिड झाली की एवढा मोठा पेच आहे आणि ही बाळाचं वय विचारते.

२३ नोव्हेंबर

शनिवार. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, आज चालू.

सोमवारपर्यंत थांबायचं ठरवून दुपारी जेवले. साडेतीनला गल्लीत पोचले. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत होते. काकांना फोन करून बोलावलं होतं, ते वाटेत होते.

भोंगा झाला. माणसं आली. मी पॅनेल उघडून टेस्टर लावला. एकशे ऐंशी. दोनशे. झाकणावर आज मांजर नव्हतं. त्याच्या जागी तीन पोरं हात शेकत उकिडवी बसली होती, आणि म्हणत होती की आज मांजराची गादी फारच गरम आहे. दोनशे एकवीस. वास तर आता कोणालाही आला असता.

मग झाकणाच्या कडेनं धूर आला. आधी एवढासा, उदबत्तीएवढा. मी पोरांवर ओरडले. ती जागची हलेनात, मला हसायला लागली. मी धावत जाऊन दोघांची बखोटी धरून ओढलं, तिसरी आपली आपण पळाली. परत पॅनेलकडे धावले आणि मेन ब्रेकर खाली ओढला.

सगळी गल्ली गप्प झाली. धुण्याची यंत्रं, हीटर, सगळं. मग दारं उघडायला लागली. टॉवेल गुंडाळलेली, डोक्याला साबण, दातांवर दात. कोणीतरी विचारलं कोण मेलंय पॅनेलपाशी. एक धिप्पाड माणूस, तेरा नंबरचा, साबणानं डोळे मिटलेले ठेवूनच माझ्या दिशेनं आला. म्हणाला, ताबडतोब चालू करा.

मी म्हटलं, नाही करणार. खड्ड्यातून धूर अजून येत होता, तो मी दाखवला. त्याला डोळे उघडता येईनात, बायकोनं पाहून सांगितलं.

मग मला सांगावं लागलं. भाषण वगैरे काही जमलं नाही. ही केबल मी ठरवली, ती कमी पडते, तुम्ही सगळे एकाच वेळी आंघोळ करता हे मी विचारलंच नव्हतं, आणि ब्रेकर पडू नये म्हणून आमच्या ऑफिसातून त्याचा स्क्रू वाढवला गेला, हे मला परवापासून माहीत होतं. शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. बोलून गेले. नऊ नंबरवाली दारात बाळाच्या दुपट्याला हात न लावता, दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती.

तेरा नंबरवाला म्हणाला, "चूक तुमची आणि थंड पाण्यानं आंघोळ आमची?"

मी म्हटलं, हो.

कोणीतरी हसलं. बहुतेक थंडीनं. पण त्यानंतर मारामारीची हवा गेली.

काका आले. खड्डा उघडला तेव्हा जॉइंटवरचं आवरण मेणासारखं ओघळलेलं, पिवळ्या फेजची तार एका बाजूनं उघडी आणि काळी. काका हळूच म्हणाले, "ताई, सोमवार आला नसता." मामांनी सोमवार म्हटलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, हे विचारायचं राहिलं.

२४ नोव्हेंबर

जॉइंट नवा केला. स्क्रू एकशेसाठवर, नवा ठिपका. आता ब्रेकर पडला तर तो धोका नाही, नुसती गैरसोय आहे, हे घराघरात समजावलं. तीन पाळ्या ठरल्या. साडेचारला लहान मुलं असलेली आठ घरं, सव्वापाचला पुढची आठ, सहाला उरलेली. तेरा नंबरवाला स्वतःहून सहाच्या पाळीत गेला आणि दीड तास ओट्यावर खाजवत बसला, सगळ्यांना दिसेल असा.

मामा आले नाहीत. फोनही नाही.

२ डिसेंबर

विद्युत निरीक्षक आले होते. लोकांनी तक्रार केली नव्हती. अहवाल मीच पाठवला होता, अपघात टळला तरी कळवायचं असतं म्हणून. आई म्हणाली, पाठवण्याआधी मामाला वाचायला दे. दिला. त्यांनी वाचला, एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि परत केला.

निरीक्षकांनी पॅनेलपाशी उभं राहून विचारलं की सेटिंग कोणी वाढवलं. अहवालात मी "आमच्या कार्यालयातून" एवढंच लिहिलं होतं. आता नाव हवं होतं. काका बुटांकडे पाहायला लागले. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते ते मला अजून माहीत नाही.

मामा म्हणाले, "मी. हिला न विचारता. किल्ली माझ्याकडे होती."

आणि लगेच पुढे, त्याच सुरात, म्हणाले की कोष्टकातले शंभरातले चाळीस धरण्याचा निर्णयही त्यांच्याच सहीचा आहे. हे पूर्ण खरं नाही. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी निरीक्षकांना जॉइंटचा खड्डा दाखवायला सुरुवात केली. मला त्यांचा रागच आला. माझी चूकसुद्धा माझी राहू देत नाहीत.

११ डिसेंबर

नवी केबल पडली, एकशेपंच्याऐंशीची, अखंड, मध्ये जॉइंट नाही. ही अडीचशे सोसते, म्हणून ब्रेकरचा स्क्रूही तिथं आणला. या वेळी कोष्टक शेवटी उघडलं. आधी चोवीस घरी वही घेऊन गेले: किती वाजता येता, आधी काय लावता, सुट्टीच्या दिवशी काय, पाहुणे आले तर काय. सतरा नंबरच्या आजोबांनी मला पाऊण तास त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि शेवटी कळलं की शेकायचा पॅड दिवसभर चालू असतो. तोही धरला.

पाळ्या संपल्या. साडेचारला सगळ्या न्हाणीघरांच्या झरोक्यांतून एकदम वाफ निघाली. दोनशे एकोणतीस. केबलला हात लावून पाहिला, गार.

मामा येऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते, आत आले नाहीत. मला वाटलं दोष काढायला आलेत. नऊ नंबरवाली न्हाऊन, बाळाला घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याशी काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली. बाळानं त्यांच्या चष्म्याला हात घातला, तो त्यांनी घालू दिला. मग ते चालत निघून गेले. तिला विचारलं काय बोललात, तर म्हणाली, ते माफी मागत होते, मी म्हटलं आत या, तर नाही म्हणाले.

२० डिसेंबर

पत्र आलं. मामांचा परवाना एक वर्ष स्थगित. मला लेखी ताकीद. ऑफिस चालू ठेवायचं तर परवाना माझ्या नावावर काढावा लागेल.

मामांनी पत्र घडी करून खणात ठेवलं आणि विचारलं की पुढच्या कामाचे नकाशे आले का.

४ जानेवारी

परवान्याचा अर्ज भरला. त्यात ज्याच्या हाताखाली काम शिकले त्या माणसाचा दाखला लागतो. मामांचा परवाना स्थगित असला तरी सहा वर्षांचा दाखला त्यांचाच चालतो, चौकशी करून आले. फॉर्म त्यांच्याकडे दिला. दाखल्यात एक मोठा रकाना आहे: उमेदवाराच्या योग्यतेबद्दल अभिप्राय. तिथं किती कामं केली, किती भारापर्यंतची, कोणती यंत्रणा हाताळली, असं लिहायचं असतं. मी कच्चा मजकूर टाईप करूनही दिला होता, नुसता उतरवून काढायचा.

दोन दिवस त्यांनी फॉर्म ठेवून घेतला. आज परत दिला. माझा मजकूर टाचणीला तसाच लावलेला. रकान्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ:

"हिचं चुकलं तर ही सांगते."

खाली सही.

मी म्हटलं, मामा, तिथं तांत्रिक माहिती लिहायची असते. ते म्हणाले, "तीच लिहिलीये," आणि टोपी घालून बाहेर पडले.

हा अर्ज परत येणार अशी मला भीती वाटते. नवा फॉर्म आणून त्यांच्याकडून नीट भरून घ्यावा का, असं आईला विचारलं. तिनं तो कागद दिव्याखाली धरला, पुष्कळ वेळ वाचला, एका ओळीला एवढा वेळ का लागावा कळेना. मग पदरानं डोळे पुसले. म्हणाली, अक्षर फार बारीक आहे त्याचं. मग म्हणाली, आहे तसाच दे.

सोमवारी साडेनऊला देऊन येते.